उन्मादरुग्ण, वेड्यांची इस्पितळे आणि वैद्याचे उत्तरदायित्व

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सेलू, परतूर ही स्थानके मागे पडली की जालना लागते. मोसंबी, बियाणे आणि पोलाद यांसाठी हे शहर सर्वांस परिचित आहे. निजाम राज्याचे मनोरुग्णालय एकेकाळी याच शहरात होते, ही गोष्ट मात्र आज मराठवाड्यातही फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९५३ साली ते हैदराबादेतील एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. पुढे १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि आपला रुग्ण एका राज्यात व त्याचे रुग्णालय दुसऱ्या राज्यात अशी स्थिती निर्माण झाली. महाराष्ट्राच्या वाट्यास ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ही चार मनोरुग्णालये आली. त्यांतील एकही मराठवाड्यात नव्हते. परभणीच्या रुग्णास येरवडा काय किंवा नागपूर काय, दोन्ही साडेतीनशे किलोमीटरहून दूर. जालन्यातच पुन्हा प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास राज्य शासनाने २०२२-२३ या काळात मान्यता दिली, म्हणजे मध्ये जवळजवळ सत्तर वर्षे गेली.

या अंतराचा परिणाम काय झाला, हे ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यास सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या कुटुंबाने कसेबसे पैसे जमवून रुग्णास दूरच्या मनोरुग्णालयात पोहोचविले, त्याला पुन्हा भेटीस जाणे जमले नाही. ज्यांना तेवढेही शक्य नव्हते, त्यांनी रुग्णास गोठ्याशेजारच्या खोलीत बांधून ठेवले. इस्पितळातील साखळी आणि घरातील साखळी या दोन्हींचा विचार म्हणूनच एकत्र करावा लागतो. त्याचबरोबर आपल्या शास्त्रग्रंथांत उन्मादचिकित्सेच्या प्रकरणी काय सांगितले आहे, याचाही विचार न संकोचता करावा लागतो. तो बहुधा टाळला जातो.

इस्पितळ की बंदिशाळा

मुंबई इलाख्यात कुलाबा येथे १८२६ साली वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. त्यानंतर नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६) आणि ठाणे (१९०१) येथे अशी इस्पितळे उभी राहिली. ठाण्याच्या इस्पितळास नरोत्तमदास माधवदास या दात्याचे नाव मिळाले. येरवड्याचे मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभीचे. या सर्वांच्या पाठीशी असलेला कायदा १८५८ चा, म्हणजे १८५७ च्या उठावानंतर लगेचचा आहे. त्या कायद्याची दृष्टी वैद्यकाची नव्हती. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा उपद्रवी वाटणाऱ्या वेड्यास पोलिसांनी पकडावे, दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे आणि त्याच्या आदेशाने इस्पितळात बंद करावे, असा तो क्रम होता. १९१२ च्या कायद्याने त्यात सुधारणा केली. परंतु दार उघडण्याची किल्ली दंडाधिकाऱ्याच्याच हाती राहिली. १९२० नंतरच्या काळात 'वेड्यांचे इस्पितळ' हे नाव जाऊन 'मनोरुग्णालय' हे नाव आले. भिंतीची उंची तेवढीच राहिली.

ज्या संस्थेचे प्रयोजन बंदोबस्त हे असते, तिचे यशही बंदोबस्तानेच मोजले जाते. किती रुग्ण बरे होऊन गेले यापेक्षा किती पळाले हा आकडा अधीक्षकास अधिक महत्त्वाचा वाटू लागतो. परिचारक थोडे आणि रुग्ण अनेक असल्यावर स्नान, भोजन, निद्रा या गोष्टी शिस्तीच्या ठरतात. केशवपन करावे म्हणजे उवा होत नाहीत. सर्वांस एकसारखे कपडे द्यावे म्हणजे पळालेला ओळखू येतो. जो ओरडतो त्यास एकांतकोठडीत ठेवावे म्हणजे इतरांस झोप लागते. यातील प्रत्येक कृतीस काही ना काही व्यवस्थेचे कारण सांगता येते. अशा शेकडो लहान कारणांनी मिळून माणसाचे माणूसपण काढून घेतले जाते आणि त्यासाठी कोणी एक दुष्ट मनुष्य असावाच लागतो असे नाही. अनेक अधीक्षक सज्जन होते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली. त्या वेळी देशात १९ मनोरुग्णालये व १०,१८१ खाटा होत्या. म्हणजे सुमारे चाळीस हजार लोकसंख्येमागे एक खाट. इंग्लंडात हेच प्रमाण सुमारे तीनशे लोकांमागे एक असे होते. बहुतेक इस्पितळे रुग्णास सुरक्षित कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली असून उपचाराचा विचार त्यांच्या रचनेत नाही, असा मूर टेलर यांचा निष्कर्ष होता. सर्वांत निकृष्ट म्हणून त्यांनी ज्या इस्पितळांचा नामनिर्देश केला, त्यांत ठाणे व नागपूर ही आपल्या राज्यातील दोन होती. ती तुरुंगासारखी आहेत, पुन्हा नव्यानेच बांधावीत, असे त्यांचे मत होते.

त्यानंतर अर्धशतकाने, १९९९ साली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या साहाय्याने ३७ मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सुमारे ३८ टक्के रुग्णालयांची रचना स्थापनेच्या वेळी होती तशीच तुरुंगासारखी असल्याचे आढळले. मधल्या काळात १९८७ चा नवा कायदा झाला होता व १९९३ मध्ये तो अमलातही आला होता. महाराष्ट्रातील चारही मनोरुग्णालयांचा प्रश्न १९८० च्या दशकाच्या अखेरीस उच्च न्यायालयापर्यंत गेला व त्यातून महाजन समिती नेमली गेली. शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली निर्णय दिला की, कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णास तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे. एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयास वेळ द्यावा लागला, यावरून ती प्रथा किती रुळलेली होती हे कळते.

या जुन्या इस्पितळांतील उपचारांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इन्सुलिन देऊन रुग्णास मूर्च्छित करणे, औषधाने झटके आणणे, मेंदूच्या पुढील भागावर शस्त्रक्रिया करणे असे उपाय जगभर झाले. १९३८ साली इटलीत विद्युत्‌झटक्यांचा उपचार सुरू झाला. हा उपचार योग्य रुग्णात, भूल व स्नायुशैथिल्यकारक औषध देऊन केल्यास आजही उपयुक्त मानला जातो. मात्र आपल्या देशात अनेक ठिकाणी तो कित्येक वर्षे भुलेवाचून केला गेला. आपल्या वाचकांपैकी काहींना हे वाचून आधुनिक वैद्यकाच्या क्रौर्याचे उदाहरण सापडल्याचे समाधान वाटेल. त्यांनी पुढील विवेचन अवश्य वाचावे.

परिचारक हा पाद

सुधारणेचा इतिहास सांगताना फ्रान्समधील पिनेल या वैद्याने पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळातील वेड्यांच्या बेड्या तोडल्या, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. चित्रकारांनी ती अजरामरही केली आहे. वस्तुस्थिती काहीशी निराळी आहे. पिनेल १७९५ साली बिसेत्र सोडून दुसऱ्या इस्पितळात गेले होते. बिसेत्रमधील साखळ्या १७९७ साली काढल्या त्या झाँ-बातिस्त प्यूसँ यांनी. प्यूसँ वैद्य नव्हते. ते चर्मकर्म करणारे कारागीर. गंडमाळेच्या उपचारासाठी त्याच इस्पितळात दाखल झाले, बरे झाले आणि तेथेच परिचारकांचे प्रमुख म्हणून राहिले. रुग्णास मारहाण करणाऱ्या सेवकांस त्यांनी दूर केले आणि सेवक म्हणून शक्यतो बरे झालेले रुग्ण घेतले. पिनेल यांनी स्वतः प्यूसँ यांचे ऋण मान्य केले आहे.

चिकित्सेच्या चतुष्पादांत आपण परिचारकाची गणना करतो, परीक्षेत त्याचे गुणही लिहितो, आणि पुढे विसरतो. उन्मादरुग्णाच्या बाबतीत हा पाद भिषग् व द्रव्य यांच्याहून अधिक भार वाहतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात आतुरालयाचे जे वर्णन आहे ते या दृष्टीने पुन्हा वाचावे. वास्तू प्रशस्त असावी, तीत वारा थेट अंगावर येऊ नये परंतु एका बाजूने खेळता असावा, धूर, ऊन व धूळ यांचा उपद्रव नसावा, पाणी, स्नानगृह, शौचस्थान व पाकगृह जवळ असावे. सेवक शीलवान, शुचिर्भूत, कुशल व दयाळू असावेत. गायन, वादन, कथा व इतिहास जाणणारी, रुग्णाचे मन ओळखणारी माणसे सोबतीस असावीत. अंगणात वासरासह दुभती गाय असावी. हे वर्णन संशोधनार्थ दाखल केलेल्या रुग्णासाठी आहे, उन्मादासाठी स्वतंत्र नव्हे, हे खरे. तरी त्याच्या शेजारी मूर टेलर यांचा वृत्तान्त ठेवला असता मान उंचावते. मात्र ती उंच ठेवून चिकित्सास्थानाचा नववा अध्याय उघडता येत नाही.

उन्मादचिकित्सेतील क्रूरकर्म

उन्माद म्हणजे मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम, ही निदानस्थानातील व्याख्या आजही कोणत्याही मानसरोगशास्त्राच्या ग्रंथात शोभून दिसेल. देव, गंधर्व, राक्षस यांनी माणसास पछाडले असे मानू नये, मूळ कारण प्रज्ञापराध होय, हेही आचार्यांनी तेथेच निःसंदिग्धपणे सांगितले आहे. चिकित्सेचा क्रमही सुस्पष्ट आहे : स्नेहन, स्वेदन, शोधन, त्यानंतर घृते. कल्याणक घृताची अठ्ठावीस द्रव्ये आपणांस मुखोद्गत असतात. इष्ट वस्तूच्या नाशाने ज्याचे मन उपहत झाले आहे, त्यास तत्सदृश वस्तूची प्राप्ती करून देऊन सांत्वन व आश्वासन यांनी शांत करावे, असेही तेथे सांगितले आहे.

आणि त्याच अध्यायात पुढील गोष्टीही आहेत. शोधनानंतरही आचारविभ्रंश राहिल्यास तीक्ष्ण नस्य, तीक्ष्ण अंजन व ताडन. अविनयी रुग्णास पट्ट्यांनी बांधून लोखंड, लाकूड इत्यादी नसलेल्या अंधाऱ्या घरात कोंडणे. मोहरीचे तेल लावून, बांधून, उन्हात उताणे निजविणे. खाजकुइलीचा स्पर्श. तापविलेले लोखंड, तेल किंवा पाणी यांचा स्पर्श. चाबकाने मारून निर्जन घरात ठेवणे. दात काढलेला सर्प, शिकविलेले सिंह व हत्ती, शस्त्रधारी चोर यांचे भय. राजाज्ञेने वध होणार असे राजपुरुषांकरवी सांगणे. वाग्भटांनी यातील बरेच घेतले आहे व खड्ड्यात टाकण्याचाही उल्लेख केला आहे.

हा भाग शिकविताना आपण सामान्यतः तीनपैकी एक मार्ग धरतो. एक, 'त्रासन' एवढा शब्द उच्चारून पुढे जाणे. दुसरा, ही त्या काळची विद्युत्‌झटका पद्धतीच होती असे म्हणून अभिमान बाळगणे. तिसरा, हे सर्व प्रक्षिप्त आहे असे म्हणणे, ज्यास आधार देता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तिन्ही मार्ग चुकीचे आहेत.

ग्रंथ नीट वाचला तर आचार्यांनीच काही मर्यादा घातल्या आहेत हे दिसते. बांधण्याचे पट्टे दृढ असावेत तसेच सुखकर असावेत असे विशेषण तेथे आहे. ताडनाचे स्थान शोधनानंतर आहे, प्रथम दिवशी नव्हे. मन मूळ प्रकृतीस आणणाऱ्या उपायांत तर्जन व त्रासन यांच्यासमवेत दान, हर्षण, सांत्वन व विस्मय यांचीही गणना आहे. आणि उष्ण स्पर्श व चाबूक यांची यादी सुरू होण्यापूर्वी स्नेह्याने धर्मार्थयुक्त वचनांनी धीर द्यावा हा उपाय प्रथम दिलेला आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देव, ऋषी, पितर व गंधर्व यांच्यामुळे झालेल्या उन्मादात बुद्धिमान वैद्याने तीक्ष्ण अंजनादी आणि 'क्रूरकर्म' वर्ज्य करावे, असे आचार्य म्हणतात. म्हणजे वर सांगितलेल्या उपायांस क्रूरकर्म हे नाव स्वतः चरकाचार्यांनीच दिले आहे. ते क्रूर आहेत याची जाणीव त्यांना होती. आपण ती पुसून टाकू नये. सुश्रुताचार्यांनी तर सर्वच उन्मादांत चित्त प्रसन्न करण्यास सांगितले आहे.

तथापि या मर्यादा दाखविल्याने ते उपाय आज ग्राह्य ठरत नाहीत. संहितेतील घृताची किंवा विरेचनाची मात्रा आजच्या रुग्णास आपण जशीच्या तशी देत नाही; त्याचे बल, देश, काल पाहून युक्तीने कमी करतो आणि त्यात शास्त्राचा अवमान झाला असे कोणी म्हणत नाही. तीच युक्ती त्रासनास लावली असता त्याची आजची मात्रा शून्य येते. भयाने शांत झालेला रुग्ण बरा झालेला नसतो, तो गप्प झालेला असतो. त्याच्या मनातील वातप्रकोप भयाने वाढतो, कमी होत नाही, हे तर आपल्याच शास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे.

येथे एक व्यक्तिगत चूक नोंदविणे आवश्यक वाटते. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत जिंतूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने आपल्या तरुण मुलास आणले होते. रात्री उठून धावणे, विहिरीच्या काठावर जाऊन बसणे अशी लक्षणे होती. औषध दिले आणि तो कोठे जाऊ नये म्हणून काही दिवस बांधून ठेवा, शास्त्रातही तसे सांगितले आहे, असेही सांगितले. पट्टा सुखकर असावा हे सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी काय झाले असते कोण जाणे. तीन महिन्यांनी तो बाप पुन्हा आला तेव्हा मुलगा बैलगाडीत होता. घोट्याभोवती जनावराची साखळी, तिच्याखाली पू झालेली जखम. काही विचारण्याआधीच वडील म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं की, डॉक्टरसाहेब." जखम जिल्ह्याच्या रुग्णालयात भरून आली. मानसिक लक्षणे तेथील औषधांनी पुष्कळ कमी झाली. पाय मात्र अखेरपर्यंत थोडा ओढतच राहिला. संहितेतील एक वाक्य त्या घरापर्यंत पोहोचेतो कापडाचे लोखंड होते, हे त्या दिवशी समजले.

दोन अधिनियम

६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्णगृहास आग लागली. झावळ्यांचे छप्पर होते आणि रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण जळून मृत्युमुखी पडले. नातेवाइकांनी श्रद्धेने तेथील दर्ग्याच्या परिसरात आणून ठेवलेली ती माणसे होती. त्यानंतर शासनाने तेथील अशी गृहे बंद केली आणि पाचशेहून अधिक रुग्णांस ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयानेही स्वतः होऊन दखल घेतली.

आज लागू असलेला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे, भूल व स्नायुशैथिल्यकारक औषध न देता विद्युत्‌झटके देणे, वंध्यीकरण हा मानसिक आजारावरील उपचार म्हणून करणे यांस कलम ९५ ने मनाई आहे. कलम ९७ नुसार एकांतकोठडी पूर्णतः निषिद्ध आहे. शारीरिक बंधन केवळ तात्काळ हानी टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हा, तेवढ्याच वेळेपुरते आणि मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीनेच करता येते व त्याची नोंद ठेवावी लागते. कलम २० मध्ये स्वच्छता, खासगीपणा, स्वतःचे कपडे घालण्याची मुभा, सक्तीच्या श्रमास नकार, केलेल्या कामाचा मोबदला आणि सक्तीचे केशवपन न होणे हे हक्क दिले आहेत. कायद्यात एखादी गोष्ट इतक्या स्पष्ट शब्दांत निषिद्ध करावी लागते, ती कोठेतरी घडत असते म्हणूनच.

आपल्या व्यवसायाशी या अधिनियमाचा थेट संबंध आहे. मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाचे पदव्युत्तर पदवीधर समाविष्ट आहेत. त्याच वेळी मनोरुग्णांस दाखल करून घेणारी आयुर्वेदीय संस्थाही मानसिक आरोग्य आस्थापना ठरते व तिची नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीविना ती चालविल्यास प्रथम अपराधास पाच ते पन्नास हजार रुपये दंड असून पुनरावृत्तीस तो पाच लाखांपर्यंत जातो. पंचकर्म केंद्राच्या दोन खाटांवर 'मानसिक रुग्णही ठेवतो' असे सांगणाऱ्या बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. तसेच आपल्या व्यवसायक्षेत्रास मान्य नसलेले औषध किंवा उपचार सुचविण्यास कलम १०६ चा प्रतिबंध आहे.

दुसरा अधिनियम महाराष्ट्राचा, नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांच्या प्रतिबंधाचा, २०१३ चा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर तो प्रत्यक्षात आला. भूत उतरविण्याच्या मिषाने दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, तापलेल्या वस्तूचा चटका देणे ही कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत व शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. ही अनुसूची आणि उन्मादचिकित्सेतील क्रूरकर्मांची यादी शेजारी ठेवून वाचावी. बांधणे, चाबूक, तापलेले लोखंड दोन्हींत आहेत. भूतोन्मादाच्या नावाखाली जो वैद्य यांतील काही करील किंवा करण्यास सांगेल, त्यास 'संहितेत लिहिले आहे' हा बचाव उपलब्ध नाही आणि असूही नये.

औषधालयाच्या फळीवर

औषधविक्रेत्या सभासदांसाठी काही गोष्टी निराळ्या सांगाव्या लागतात. सर्पगंधा हे उन्मादावरील द्रव्य आधुनिक जगास आपल्याकडून मिळाले. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली त्याविषयी लिहिले, मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील उपयोग प्रसिद्ध केला. १९५२ साली त्यातून रेसर्पीन वेगळे झाले आणि काही वर्षे पाश्चात्त्य मनोरुग्णालयांत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्याच वर्षी आलेल्या क्लोरप्रोमाझीनसह या औषधांनी अनेक ठिकाणी कोठड्यांची दारे उघडली, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु रेसर्पीनने काही रुग्णांत विषाद उत्पन्न होतो हेही तेव्हाच लक्षात आले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या जिल्ह्यात झोप येत नाही, मन लागत नाही असे सांगणाऱ्या मनुष्यास तपासणीविना सर्पगंधा वटीची डबी देणे किती धोक्याचे आहे, हे यावरून समजावे. विषादरुग्णास ती देऊच नये. रक्तदाबाची वा मनोविकाराची अन्य औषधे चालू असल्यास चिकित्सकास विचारल्याशिवाय देऊ नये.

उन्मादगजकेसरीसारख्या रसकल्पांत पारद, मनःशिला व धत्तूरबीज असते. 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही वेष्टनावरील सूचना अशा विषद्रव्ययुक्त कल्पांसाठीच कायद्याने आवश्यक केली आहे.

आणखी एक मागणी प्रत्येक दुकानावर येते : "त्याला न कळता देण्यासारखं काही आहे का?" चहात किंवा भाजीत मिसळून देण्याचे औषध. मागणारी बहुधा थकलेली आई किंवा पत्नी असते, तिच्याविषयी कठोर होऊ नये. पण अशी पुडी देऊही नये. रुग्णास एके दिवशी ते कळतेच, आणि मग तो त्या घरात शिजलेले अन्न घेत नाही. त्याच्या संशयास आपणच पुरावा दिलेला असतो. तिला जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाचा वार सांगावा. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, तो लिहून द्यावा. रुग्ण तेथील औषधे घेत असेल तर ती एकाएकी बंद करण्यास कोणत्याही वैद्याने सांगू नये. आपली औषधे द्यावयाची ती तेथील चिकित्सकास कळवून द्यावीत.

मनोरुग्णालयातून परत येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेच्या निमित्ताने २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जी माहिती आली, तीनुसार राज्याच्या चार मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेले ४७५ रुग्ण होते आणि त्यांतील २६३ जण घरी पाठविण्याजोगे होते. घर नाही, किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्या कारणाने कोणास रुग्णालयात ठेवू नये असे २०१७ च्या अधिनियमाचे कलम १९ सांगते. त्यांतील कोणी सोनपेठचा, पालमचा किंवा पाथरीचा असू शकेल. तो गावी परतला तर त्याचे नाव घेऊन हाक मारणारे, त्याची नाडी पाहणारे, त्याची गोळी संपत आली की पुढची आठवण देणारे कोणीतरी लागेल. त्या गावात वैद्य आपणच आहोत. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या क्षेत्रातील अशा रुग्णांची माहिती जिल्हा रुग्णालयाकडून त्यांच्या संमतीने मागवावी व महिन्यातून एकदा भेट देण्याचे काम दोन सभासदांनी वाटून घ्यावे, असा प्रस्ताव या लेखाद्वारे मांडीत आहे. सभासदांनी आपली अनुकूलता किंवा हरकत संपादकांकडे कळवावी.